पहिली घुंगरे: दोरीची घ्यावीत की पट्ट्याची?

मूल वर्ष-दीड वर्ष नृत्याच्या वर्गात टिकले आणि गुरूंनी "आता घुंगरे आणा" असे सांगितले, की लातूर, बीड, नांदेडकडच्या पालकांची खरी अडचण सुरू होते. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवर मिळत नाही अशी वस्तूच नाही, असे आम्ही लातूरकर अभिमानाने सांगतो. पण मी नृत्याची घुंगरे मागितली तेव्हा पितळी भांड्यांच्या एका दुकानदाराने माझ्यापुढे ठेवली ती पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालायची घुंगुरमाळ. माळ सुरेख होती, आणि गावाकडून आमच्या वडिलांनीही "घरची आहे, तीच उसवून पोरीच्या पायात बांधा" असे सुचवले होते. मात्र ते घुंगरू जाड आणि जड असते, त्याचा नाद लांबून ऐकू यावा म्हणून घडवलेला असतो, आणि आठ वर्षांच्या मुलीच्या घोट्याला ते पेलवत नाही.

निवड खरे तर दोनच प्रकारांत करायची असते. कथकमध्ये पितळी घुंगरे जाड सुती दोरीत ओवतात आणि प्रत्येक घुंगराला स्वतंत्र गाठ मारतात, त्यामुळे ती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरीचे वेढे घोट्याभोवती घट्ट बसतात. भरतनाट्यममध्ये चामड्याच्या किंवा मखमली पट्ट्यावर ती ओळींत शिवलेली असतात. पट्टा बंदाने किंवा बकलाने आवळला की काम झाले. तमिळमध्ये त्यांना सलंगै म्हणतात आणि प्रथम धारण करण्यापूर्वी त्यांची रीतसर पूजा होते. सोयीच्या दृष्टीने पट्टा सरस आहे, यात वाद नाही. मूल तो स्वतः बांधू शकते, तर दोरी बांधायला सुरुवातीची काही वर्षे आई किंवा आजी लागतेच, आणि वेढा सैल राहिला तर ऐन कार्यक्रमात दोरी घोट्यावरून घसरून पावलावर येते.

एवढे असूनही मुलगी कथक शिकत असेल तर दोरीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. याची दोन कारणे आहेत. पहिले व्यवहाराचे: मुलांचे पाय वाढतात, पट्टा दोन-तीन वर्षांत अपुरा पडतो, तर दोरी कोणत्याही घोट्याला बसते; शिवाय पन्नासच्या सरीला पुढे आणखी पन्नासांची सर जोडता येते, म्हणजे पहिला खर्च वाया जात नाही. दुसरे कारण नादाचे आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. तत्कारात, म्हणजे कथकच्या मूळ पदन्यासात, "ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्" हे बोल तीनतालाच्या सोळा मात्रांवर एकेक करून पावलांतून ऐकू यायला हवेत. दोरी पायाला चिकटून राहत असल्यामुळे पाऊल थांबले की नादही थांबतो. सैल पट्ट्यावरची घुंगरे मात्र पाऊल टेकल्यानंतरही थोडी किणकिणत राहतात. भरतनाट्यम शिकणाऱ्यांना हा निष्कर्ष लागू नाही. तिथे पट्टाच रूढ आहे. फक्त आतून मऊ अस्तर लावलेला पाहावा, कारण घाम मुरलेले चामडे कालांतराने कडक होऊन त्वचेला काचते.

संख्येच्या बाबतीत पालकांची हौस आड येते. मोठे कथक नर्तक एकेका पायात शंभर, दीडशे किंवा त्याहून अधिक घुंगरे बांधतात, म्हणून आपणही एकदम शंभरांची जोडी घेऊन मोकळे व्हावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. मीही तेच केले. आमच्या घरच्या शहाबादी फरशीवर मुलीने पहिल्या दिवशी तत्कार केला तेव्हा सारे घर दणाणले आणि आम्ही खूश झालो. पुढच्या वर्गात गुरूंनी निम्मी घुंगरे सोडायला लावली आणि तोच तत्कार पुन्हा करायला सांगितला. तिसऱ्या आवर्तनात तिचे डावे पाऊल दर वेळी किंचित उशिरा पडत होते, हे तेव्हा कुठे आम्हाला ऐकू आले. शंभरांच्या गजरात ती चूक बुडून गेली होती. लहान मुलांसाठी प्रत्येक पायात पंचवीस ते पन्नास पुरेशी आहेत. नेमका आकडा गुरूंनीच ठरवावा.

दुकानात पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत. ओतीव पितळेचे घुंगरू हाताला भरीव लागते, तर पातळ पत्र्याचे हलके लागते आणि त्याचा आवाज डब्यात खडा हलवल्यासारखा येतो. उत्तर प्रदेशातील जलेसर हे गाव घंटा आणि घुंगरांच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. सरीतील प्रत्येक घुंगरू कानाजवळ हलवून पाहावे, कारण एखाद्यातला खडा अडकलेला असतो आणि ते मुके निघते. घुंगराच्या चिरेच्या, म्हणजे फटीच्या, कडांवरून बोट फिरवावे. कडा धारदार असतील तर घोट्यावर ओरखडे उठतात आणि दोरीही लवकर तुटते. शेवटी एका पायाची सर तराजूवर टाकायला लावावी आणि तेवढ्या वजनाची तांदळाची पिशवी मुलीच्या हातात देऊन पाहावी. दुकानदार हसतो, पण अंदाज पक्का येतो.

ऑनलाइन मागवताना यातले काहीच करता येत नाही. माझ्या एका मागणीत सोनेरी मुलामा दिलेली पत्र्याची घुंगरे आली आणि महिनाभरात घामाने त्यांचा मुलामा उडाला. त्यापेक्षा गुरूंकडून एकत्रित मागणी नोंदवणे बरे. वर्गातील सर्वांचा नादही त्यामुळे जुळतो.

लावणीची चाळ, म्हणजे लावणी नर्तकीच्या पायातली घुंगरे, हा वेगळा विषय आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेत ढोलकीच्या तोडीस तोड वाजणारी चाळ ऐकून मुलांना तीच हवीशी वाटते, परंतु ते वजन तयारीच्या पायांसाठी आहे.

घुंगरे पाण्याने धुऊ नयेत, आतला लोखंडी खडा गंजतो. कोरड्या सुती कापडाने पुसावीत. आणि दोरी ओवून घेताना दोन्ही टोकांना वीतभर जादा सोडायला सांगावी, कारण शेवटची गाठ मारायला ती नेहमीच कमी पडते.