बाल्सा की फोम? वावरातून उडवायचं युद्धविमान निवडताना

रेडिओवर चालणारं युद्धविमानाचं मॉडेल घ्यायचं ठरलं की दोन प्रकारचे खोके समोर येतात. एक बाल्सा या हलक्या लाकडाचं ‘एआरएफ’, म्हणजे ‘ऑलमोस्ट रेडी टू फ्लाय’. सांगाडा कारखान्यात बांधलेला, त्यावर रंगीत फिल्म इस्त्रीनं चिकटवलेली. पण मोटर, ईएससी (मोटरचा वेग ठरवणारा नियंत्रक), सर्व्हो (पंख-शेपटीची फडकी हलवणारी छोटी मोटर), रिसीव्हर, बॅटरी सगळं आपण आणायचं. दुसरं ईपीओ या लवचिक फोमचं ‘पीएनपी’, म्हणजे ‘प्लग अँड प्ले’. यात मोटर, ईएससी आणि सर्व्हो बसवूनच येतात, फक्त रिसीव्हर, बॅटरी आणि रेडिओ लागतो. दोन्ही खोके ‘जवळजवळ तयार’ म्हणून विकले जातात. फोमच्या बाबतीत ते संध्याकाळचं दीड-दोन तासांचं काम असतं. बाल्साला निवांत हातानं पंधरा ते पंचवीस तास द्यावे लागतात.

यवतमाळ, वाशिम किंवा चंद्रपूरकडच्या गावात राहून निवड करायची असेल तर जोडणीचे तास हा दुय्यम मुद्दा आहे. विमान कोणत्या जमिनीवर उतरणार आणि मोडलं तर सुटा भाग किती लांबून येणार, यावर निर्णय घ्या. जमिनीच्या बाबतीत फोम सरस, अंतराच्या बाबतीत बाल्सा. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी फडकी) असलेलं, धडाच्या खाली पंख असणारं साधं विमान हातात बसलं नसेल तर दोन्ही घेऊ नका. युद्धविमानाचा पंख टोकाकडे निमुळता असतो. वेग कमी झाला की आधी टोक स्टॉल होतं, म्हणजे उचल गमावतं, आणि विमान एका अंगावर कोसळतं. उतरताना हे झालं तर सावरायला उंचीच उरत नाही.

आकार आणि वजन

नेहमी मिळणाऱ्या फोमच्या विमानाचा पंख ११०० ते १२०० मिलिमीटरचा, उडतं वजन १.१ ते १.३ किलो, बॅटरी ४ सेल २२०० एमएएच. बाल्साच्या ‘६०’ वर्गाच्या (०.६० घनइंची इंजिनाच्या मापाच्या) विमानाचा पंख दीड मीटरच्या आसपास, वजन २.७ ते ३.२ किलो, बॅटरी ६ सेल ४००० ते ५०००. म्हणजे पंखाच्या दर चौरस डेसिमीटरवर फोमला ५५-६० ग्रॅम भार येतो, बाल्साला ७०-८०. बाल्सा वाऱ्यात स्थिर उडतं, हवेत दिसतंही भारदस्त, पण उतरतं वेगात.

त्यात आपलं ऊन. डिसेंबरच्या सकाळी १५ अंश आणि मे महिन्यात ४५ अंश, एवढ्या फरकानं हवेची घनता जवळजवळ दहा टक्क्यांनी घटते आणि स्टॉलचा वेग पाच टक्क्यांनी वाढतो. थंडीत सहज उतरणारं बाल्साचं विमान नवतप्यात त्याच वेगानं आणलं तर एका अंगावर कोसळतं. उन्हाळ्यात उडवायचं तर सकाळी साडेआठच्या आत, आणि उतरताना थ्रॉटल थोडा ठेवूनच.

जमीन

सोयाबीन निघाल्यावर वावर मोकळं दिसतं, पण बुंध्यांची खुंटं राहतात. गहू-हरभरा निघाल्यावर मार्च ते जून जमीन रिकामी असते, तर काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात. फोमच्या विमानाची ५५-६० मिलिमीटरची चाकं दोन्हीत अडकतात. विमान नाकावर पडतं, प्रॉप (नाकावरचा पंखा) तुटतो, कधी मोटरचा शाफ्ट वाकतो. फोमला यातून वाट आहे. चाकं काढून टाका, मदतनीसाच्या हातून फेकून उडवा आणि गवतावर पोटावर उतरवा. सव्वा किलोचं विमान हे सहन करतं. तीन किलोचं बाल्साचं विमान हातानं फेकता येत नाही आणि पोटावर उतरवलं की खालची फिल्म फाटून फासळ्या जातात.

बाल्साला धावपट्टी लागतेच. मुरूम टाकून रोलर फिरवलेली ८० मीटर लांब, ८ मीटर रुंद पट्टी पुरते. उड्डाण ३०-४० मीटरमध्ये होतं, उरलेली लांबी उतरण्यासाठी. गावच्या ई-क्लास जमिनीवर करायची असेल तर ग्रामपंचायतीची परवानगी आधी लेखी घ्या, कारण ती चराईची जमीन आहे आणि उडवण्याच्या वेळेलाच गुरं येतात. कृषिपंपाची वीजवाहिनी पट्टीच्या टोकाला नको. आजूबाजूला उभी तूरही नको. माणसाच्या उंचीच्या तुरीत पडलेलं विमान दहा पावलांवरून दिसत नाही. त्यासाठी पाच-सहाशे रुपयांच्या आतला विमान-शोधक बझर रिसीव्हरला जोडून ठेवावा.

कोणतं विमान, हेही जमिनीवरून ठरवा. हरिकेन, पी-४७ थंडरबोल्ट आणि पी-५१ मस्टँगची चाकं आतल्या बाजूला मिटतात, म्हणून उघडल्यावर दोन चाकांत अंतर भरपूर असतं. स्पिटफायर आणि मेसरश्मिट १०९ ची चाकं पंखाच्या मुळाशी बसून बाहेर मिटतात. चाकांतलं अंतर कमी, त्यामुळे ढेकळावर एक चाक चढलं की पंखाचं टोक जमिनीला लागतं. स्पिटफायर दिसायला कितीही देखणं असलं तरी खडबडीत जमिनीवर पहिलं युद्धविमान म्हणून ते नको.

बाल्साची जोडणी: कुठे बिघडतं

खोका उघडल्यावर पहिलं काम फिल्मचं. कारखान्यातून सुरकुत्या येतातच. घरच्या इस्त्रीवर सुती पायमोजा चढवा, आधी कमी तापमानावर कडा आणि सांधे पक्के करा, मगच मधला भाग ताणा. उलट क्रमानं केलं तर ताणलेली फिल्म कडेवरून सुटते.

पंखाचे दोन भाग प्लायच्या पट्टीनं जोडतात. आधी कोरडं बसवून पाहा. पट्टी घट्ट जात असेल तर घासा, ठोकू नका. इथे पाच मिनिटांचं इपॉक्सी चालत नाही, ते ठिसूळ होतं. तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात मिळणारं रात्रभर वाळणारं साधं ॲरल्डाइट उत्तम. अर्ध्या तासाचं इपॉक्सी वापरणार असाल तर लक्षात ठेवा, तो वेळ २५ अंशांचा आहे. ४२ अंशांच्या खोलीत ते दहा-बारा मिनिटांत धरतं आणि पंख अर्धवट बसलेला राहतो. हे काम पहाटे करा.

शेपटीचा आडवा पंख चिकटवण्याआधी, जिथे तो धडाच्या आत जातो तिथली फिल्म काढावी लागते, कारण डिंक फिल्मला धरत नाही. ब्लेडनं कापताना खालचं लाकूडही कापलं जातं आणि नेमकं तिथेच शेपूट हवेत तुटते. ब्लेडऐवजी तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक मोजपट्टीच्या कडेनं हलकं फिरवा; फिल्म वितळून सुटते, लाकूड शाबूत राहतं. मग मुख्य पंखाच्या दोन्ही टोकांपासून शेपटीच्या दोन्ही टोकांपर्यंत दोऱ्यानं मोजा. दोन्ही अंतरांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको.

हिंजसाठी (फडकी जोडणाऱ्या बिजागऱ्यांसाठी) प्रत्येक खाचेच्या मध्यावर दीड मिलिमीटरचं छिद्र पाडा, म्हणजे पातळ सीए (सुपरग्लूसारखा झटपट डिंक) आतपर्यंत झिरपतो. प्रत्येक बाजूला पाच-सहा थेंब. वाळल्यावर जोरात ओढून पाहा. एलेरॉन हवेत सुटणं परवडत नाही.

सर्वांत जास्त नुकसान होतं चाकांच्या माउंटवर. एआरएफमध्ये रिट्रॅक्ट (चाकं मिटवणारी यंत्रणा) ज्या प्लायच्या ठोकळ्यांवर बसतो त्यांना कारखान्यात डिंक कंजुषीनं लावलेला असतो. मुरमाच्या पट्टीवर तिसऱ्या-चौथ्या उतरण्याला तो ठोकळा खालची फिल्म फाडून बाहेर येतो. जोडणीच्या वेळीच प्रत्येक सांध्यात पातळ सीए सोडा, त्यावर इपॉक्सी भरा आणि कोपऱ्यात त्रिकोणी लाकडाच्या पट्ट्या बसवा. मोटर ज्या फायरवॉलवर बसते तिथेही हेच करा. मोटरचे एम४ बोल्ट थ्रेडलॉकशिवाय कसू नका.

शेवटी सीजी, म्हणजे विमानाचा तोलबिंदू. हरिकेन आणि थंडरबोल्टचं नाक आखूड असल्यानं विमान शेपटीकडे जड भरतं. पत्रिकेत दिलेल्या बिंदूवर तोला. बिंदू दिला नसेल तर सरासरी पंखरुंदीच्या २५ ते २८ टक्क्यांवर सुरुवात करा. आधी बॅटरी जास्तीत जास्त पुढे न्या. तरीही कमी पडलं तर टायरच्या दुकानात चाक बॅलन्सिंगची चिकट वजनं मिळतात, पाच आणि दहा ग्रॅमच्या तुकड्यांत. ती फायरवॉलला इपॉक्सीनं बसवा. नुसत्या चिकटपट्टीवर सोडली तर उन्हात सुटतात.

फोमची जोडणी

इथे काम थोडं, म्हणून माणूस घाई करतो. रेडिओ चालू करून सर्व्हो मध्यावर आणल्याशिवाय आर्म बसवू नका. कारखान्यात कंट्रोल हॉर्न (फडकीला सळी जोडायचा दांडा) बहुतेक वेळा हॉट ग्लूनं लावलेला असतो. तो ग्लू कडक उन्हात मऊ होतो आणि एलिव्हेटरचा (शेपटीच्या आडव्या फडकीचा) हॉर्न हातात येतो. काढून इपॉक्सीनं पुन्हा बसवा. क्लेव्हिस (सळीच्या टोकाची चिमटी) निसटू नये म्हणून त्यावर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची छोटी रिंग सरकवा.

चार-सहा सर्व्हो आणि वीजेचे रिट्रॅक्ट, सगळं ईएससीच्या आतल्या ३ अँपिअरच्या बीईसीवर (रिसीव्हर-सर्व्होंना वीज देणाऱ्या भागावर) चालवलं तर एखादा रिट्रॅक्ट अडकल्यावर रिसीव्हरचा व्होल्टेज पडतो आणि विमान हातातून जातं. ५ अँपिअरचा वेगळा यूबीईसी लावा. खरं तर आपल्या जमिनीवर फोमच्या विमानाला रिट्रॅक्टच नको. जाड तारेची स्थिर चाकं, ७५ मिलिमीटर व्यासाची, जास्त टिकतात.

ऊन, पावसाळा, उंदीर

बंद गाडीत मे महिन्यात ईपीओला फोड येतात आणि पातळ पंख वाकतो. हलका बाक असेल तर गरम पाण्यानं शेकून सरळ होतो. दबलेल्या खळग्यालाही हाच उपाय. बाल्सामध्ये उन्हाळ्यात लाकूड आकसून फिल्म सैल पडते, पावसाळ्यात दमट हवेनं पातळ पृष्ठभागांना पीळ येतो. दर मोसमाला इस्त्री फिरवणं हा बाल्साच्या देखभालीचा भागच समजा. ठेवायचं कुठे, हे आधी ठरवा. माळ्यावर उंदीर फोम कुरतडतात आणि जुन्या मातीच्या भिंतीला टेकवलेलं बाल्सा वाळवी सोडत नाही. छताला दोरीनं टांगलेलं दोन्ही सुरक्षित.

मोडल्यावर

फोमचं धड दोन तुकडे झालं तरी फोम-सेफ सीएनं धुऱ्यावर बसून दहा मिनिटांत जोडता येतं. बाल्साचा पंख चुरला तर आठवडाभराचं काम, नवी फासळी, नवी फिल्म. इथपर्यंत फोम पुढे. पण फोमची प्रत्येक डागडुजी वजन वाढवते आणि आकार थोडा बिघडवते. आठ-दहा दुरुस्त्यांनंतर ते विमान सरळ उडत नाही. नाकाचा साचा, मोटर माउंट, स्पिनर (प्रॉपवरची टोपी) हे भाग त्याच मॉडेलचे लागतात आणि मॉडेल बंद झालं की संपलं. बाल्सात सर्व्हो, हॉर्न, बोल्ट, मोटर सगळं प्रमाणित मापाचं. कोणत्याही कंपनीचं बसतं, आणि तुटलेलं लाकूड प्लायच्या तुकड्यातून कापून घेता येतं. नीट दुरुस्त केलेला बाल्साचा पंख नव्याइतकाच मजबूत असतो.

रंगाच्या बाबतीत मात्र फोम पुढे. १९४४ मध्ये अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन इम्फाळवरून हरिकेन उडवत होती. त्या आघाडीवर जपानी खुणेशी गल्लत नको म्हणून विमानावरच्या ओळख-वर्तुळातला लाल रंग काढून टाकला होता. ती रंगसंगती तयार खोक्यात क्वचितच मिळते. ईपीओवर पाण्यात विरघळणाऱ्या ॲक्रिलिकनं ती सहज देता येते. बाल्साच्या फिल्मवर रंग नीट धरत नाही, पोपडे सुटतात.

इंजिन, बॅटरी, नियम

ग्लो इंजिनाचं मिथेनॉलचं इंधन गावात मिळवणं आणि कुरिअरनं मागवणं त्रासाचं आहे, ते सोडा. मोठ्या बाल्साला पेट्रोल इंजिन चालतं, टू-स्ट्रोक ऑइल कुठेही मिळतं, पण पहिल्या विमानाला वीजच बरी. लाइट जाते म्हणून चार्जर १२ व्होल्टवरही चालणारा घ्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर काम होतं. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी गरम असताना चार्ज करू नका, उतरल्यावर दर सेल ३.७ व्होल्टच्या खाली नको, आणि उडवायचं नसेल तर ३.८ वर ठेवा.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे मॉडेल विमानाला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, पण उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यातच उडवावं लागतं. डिजिटल स्काय या सरकारी ऑनलाइन नकाशावर आपली जागा पाहा. हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रात कमाल उंची ४०० फूट. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फूट. नागपूरच्या आसपासच्या गावांनी हे तपासल्याशिवाय पट्टी आखू नये.

पट्टी नसेल, किंवा हे पहिलं युद्धविमान असेल, तर ११०० मिलिमीटरचं फोमचं हरिकेन किंवा थंडरबोल्ट, स्थिर चाकांचं. सोबत जादा प्रॉप चार, स्पिनर एक, मोटर शाफ्ट एक आणि बॅटऱ्या तीन, हे सगळं पहिल्याच ऑर्डरमध्ये मागवा. पट्टी आहे, कोरडी खोली आहे आणि हाताला लाकूडकामाची सवय आहे, त्यानं बाल्साच घ्यावं. खोक्याबरोबर एक मीटर त्याच रंगाची फिल्म आणि ३ मिलिमीटर बाल्साच्या दोन फळ्या जास्त मागवून ठेवाव्यात.