पीयूसीआधी तपासणी: स्वतःचा स्कॅनर की गॅरेज?

शेजारच्या काकांकडे बीएस-४ (प्रदूषणाचा सरकारी निकष) पेट्रोल गाडी आहे. पीयूसीआधी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाड वाचणारं यंत्र) घ्यावा की कोथरूडच्या गॅरेजात दाखवावी, यावर त्यांचं अडलंय.

स्कॅनरचा खर्च एकदाच. पार्किंगमध्येच बिघाडाचे कोड दिसतात, कॅटॅलिस्ट (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) आणि ऑक्सिजन सेन्सरचे मॉनिटर ‘रेडी’ आहेत का, म्हणजे गाडीने त्यांची स्वतःहून केलेली तपासणी पूर्ण झाली का, तेही कळतं. मात्र बॅटरी काढली किंवा कोड पुसले की मॉनिटर कोरे होतात. मग ते पुन्हा ‘रेडी’ व्हायला शहरात आणि हायवेवर गाडी चालवावीच लागते.

पण पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालून प्रत्यक्ष वायू मोजतो: आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के, एचसी म्हणजे न जळलेलं इंधन २०० पीपीएमच्या (दहा लाखांत २०० भाग) आत हवं. हे आकडे स्कॅनर देत नाही, गॅस अ‍ॅनालायझर असलेलं गॅरेज देतं. पैसे दर वेळी जातात, एवढंच.

चेक इंजिनचा दिवा लागत असेल तर आधी स्कॅनर. दिवा नाही, पण एक्झॉस्टला पेट्रोलचा वास येतोय, तर थेट गॅरेज गाठा.