दादा वेगळा राहायला गेला त्याला नऊ महिने झाले, आमचा अनुभव (बराच मोठा आहे)

गेल्या दिवाळीनंतर लगेच माझा मोठा भाऊ आमचं घर सोडून पुण्यातच सिंहगड रोडच्या एका फ्लॅटवर राहायला गेला. तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं होतं की कसं चाललंय ते लिही, मी लिहिते लिहिते म्हणून आत्ता ऑगस्ट उजाडला. पण बरंच झालं, तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं रडगाणं झालं असतं आणि पाचव्यात लिहिलं असतं तर जाहिरात.

दादा ३८ वर्षांचा, डाउन सिंड्रोम, म्हणजे जन्मापासूनची बौद्धिक अक्षमता. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, आईचं वय ७१ आणि दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, मी लग्न झालेली, नोकरी, एक मुलगी. म्हणजे आईनंतर याचं कोण बघणार, तोच प्रश्न जो अशा प्रत्येक घरात जेवणाच्या टेबलावर न बोलता वाढलेला असतो. आम्ही आधी मोठ्या निवासी संस्था बघितल्या. बदलापूरची आधार, जी पालकांनीच उभी केलीय, आणि मुळशीतलं कोळवणचं साधना व्हिलेज, तिथे तर खरंच गावासारखं वातावरण आहे, आईला फार आवडलं. पण आमचा दादा पक्का शहरी, त्याला बसचे नंबर वाचायला लागतात, कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला हात करायला लागतो, शेत आणि गाई बघून तो अर्ध्या तासात म्हणाला "चल आता". मग काही पालकांनी मिळून सुरू केलेलं हे छोटं घर कळलं. नाव मुद्दाम देत नाही कारण पुढे तक्रारी पण आहेत आणि माणसं वाईट नाहीत.

सेटअप असा: साध्या सोसायटीत भाड्याचा थ्री बीएचके, चार पुरुष, वय २९ ते ४६. दिवसा एक मावशी सकाळी सात ते संध्याकाळी सात, रात्री एक काका, आणि कोऑर्डिनेटर मॅडम आठवड्यातून दोनदा. दिवसभर चौघं वेगवेगळ्या वर्कशॉपला, दादा फायली आणि पाकिटं बनवतो, महिन्याला ९०० रुपये मिळतात ते त्याला दोन लाखांसारखे. आमचा खर्च महिना २२ हजार आणि डिपॉझिट दीड लाख. कमी नाही. बाबांची फॅमिली पेन्शन आहे म्हणून जमतंय, नाहीतर जमलं नसतं हे सरळ सांगते. इन्कम टॅक्सला जुन्या करपद्धतीत अशा माणसाच्या सांभाळासाठी ७५ हजारांची वजावट मिळते, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख, पण ती वजावट आहे, कोणी हातात पैसे आणून देत नाही. आणि केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासचं निरामय कार्ड काढलं नसेल तर आधी काढा, वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा आणि आधी मेडिकल चेकअपची भानगड नाही. साध्या कंपन्यांच्या एजंटनी "डाउन" शब्द ऐकल्यावर माझे फोन उचलणं बंद केलं होतं.

पहिले तीन आठवडे वाईट. संस्थेने सांगितलं होतं की तीन आठवडे घरचा डबा नको, रोज भेटायला येणं नको. आईने दुसऱ्याच दिवशी पुरणपोळ्या केल्या आणि मला म्हणाली तू फक्त वॉचमनकडे ठेवून ये. नाही ठेवल्या. दादा दिवसाला चौदा-पंधरा फोन करायचा, "आई जेवली का", "टीव्ही कोण बघतंय", "माझ्या खुर्चीवर कोण बसलंय". मग हळूहळू दहा, पाच, आणि डिसेंबरअखेर एक दिवस फोनच आला नाही. आपल्याला वाटतं आई सुटकेचा निःश्वास टाकेल, पण आई त्या दिवशी जेवली नाही.

आता चांगलं काय ते. सगळ्यात चांगली म्हणजे मावशी. ती पाठीमागे हात बांधून उभी राहते. खरंच, मी बघितलंय, दादा शर्टाची बटणं लावत असतो, चुकीच्या काजात घालतो, आणि ती दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी, ओठ हलतात पण हात पुढे येत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "हात मोकळे ठेवले की ते आपोआप जातात हो ताई." ३८ वर्षं आमचे हात आपोआपच जात होते. दादाला बटणं लावता येत नाहीत असं मी लग्नात नवऱ्याला सांगितलं होतं! येत होती. फक्त सात मिनिटं लागतात आणि आमच्या घरात सकाळी सात मिनिटं कोणाकडेच नव्हती.

चहा पण तसाच. गॅस नाही ठेवलेला, इंडक्शन आहे, लाल मग भरून पाणी, अर्धा मग दूध, एक चमचा पावडर, साखर दोन, आणि भिंतीवर याच क्रमाने फोटो चिकटवलेले. दोन महिन्यांत शिकला. चहा जरा गोडमिट्ट असतो कारण साखरेच्या फोटोपाशी तो थोडा वेळ रेंगाळतो.

पैशांचं आम्ही यूपीआय सर्कल लावून बघितलं, म्हणजे पैसे माझ्या खात्यातून पण फोन त्याचा. आधी तो प्रकार निवडला ज्यात प्रत्येक पेमेंटला मला मंजुरी द्यावी लागते. मी मीटिंगमध्ये, फोन सायलेंट, आणि दादा वाण्याच्या दुकानात ब्रेडचा पुडा छातीशी धरून वीस मिनिटं उभा. मग दुसरा प्रकार लावला, ठरवलेल्या मर्यादेत त्याचं तो देतो. जास्तीत जास्त १५ हजार महिना ठेवता येतात, आम्ही दीड हजार ठेवलेत. महिन्याच्या २० तारखेलाच संपतात, वेफर्समध्ये. मी आधी चिडायचे. आता वाटतं माझे पण २० तारखेला संपतात.

बसचा किस्सा सांगायलाच हवा. मार्चमध्ये रस्ता खोदलेला म्हणून पीएमपीची बस दुसरीकडून वळवली, दादाचा स्टॉप आलाच नाही, तो बसून राहिला तो थेट शेवटच्या स्टॉपपर्यंत. कंडक्टरने त्याच्या गळ्यातल्या कार्डावरचा नंबर बघून फोन केला. मी ऑफिसमधून रडत रिक्षाने गेले, बघते तर हा कंट्रोलरच्या केबिनमध्ये चहा पितोय. कोऑर्डिनेटर मॅडमवर मी तिथूनच फोनवर ओरडले. त्या शांतपणे म्हणाल्या की चुकलास तर जागेवरून उठायचं नाही आणि कार्ड दाखवायचं हे शिकवलं होतं, त्याने तेच केलं, यात नक्की बिघडलं काय? मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, अजूनही पूर्ण पटलेलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तो परत बसनेच गेला आणि मी अडवलं नाही.

सोसायटीचं सांगते. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. कोणीतरी दार उघडं टाकतं आणि लिफ्ट वर अडकते, मग सगळे जिन्यात उभं राहून "लिफ्टऽऽ" ओरडतात. दादाला उघडं दार सहन होत नाही. कुठलंच. तो मजल्यामजल्यावर चढून दार लावून येतो, सेक्रेटरी काका खूश. पण जानेवारीत त्याने चौथ्या मजल्यावरच्या एका काकूंचं घराचं दार उघडं बघितलं, ते ओढून घेतलं आणि बाहेरून कडी पण घातली. काकू आत, कुकर गॅसवर, फोन चार्जिंगला बाल्कनीत. पाऊण तास. झालं, मीटिंग बोलावली. "लहान मुलं आहेत सोसायटीत", "तसल्या मुलांना संस्थेत ठेवतात ना". मुलं! त्यातला एक ४६ वर्षांचा, दादाच्या कानशिलावरचे केस पिकलेत. मी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ५ प्रिंट काढून नेलं होतं, त्यात स्वच्छ लिहिलंय की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि विशिष्ट ठिकाणीच राहायची सक्ती होऊ नये हे सरकारने बघायचं. कोणी वाचलं नाही. त्या कागदावर कोणीतरी चहाचा कप ठेवला. मिटलं कसं, तर त्या काकूच म्हणाल्या की आधी बाहेरची कडी काढून टाका, आजकाल लावतं कोण बाहेरून कडी, कुलपं असतात सगळ्यांची. सुताराने दोन दिवसांत सगळ्या मजल्यांवरच्या कड्या काढल्या. एक दोन घरं अजून बोलत नाहीत. बोलेनात तर बोलेनात.

आता तक्रारी. माणसं टिकत नाहीत. नऊ महिन्यांत रात्रीचे तीन काका झाले. पगार १३ हजार आणि रात्रभर जागं राहायचं, मी पण टिकले नसते. पण त्याचा परिणाम बघा. दादाला थायरॉइड आहे, डाउनमध्ये खूप जणांना असतो, सकाळी उपाशीपोटी गोळी आणि मग अर्धा तास काही नाही. दुसऱ्या काकांना हे कोणी सांगितलंच नाही, ते चहाबिस्किटांबरोबर गोळी द्यायचे. फेब्रुवारीपासून दादा सुस्त, वजन पाच किलो वाढलं, बोलणं कमी, आणि आम्ही सगळे समजत होतो की त्याला घरची आठवण येतेय. आईने तर परत आणायची तयारी केली होती. एप्रिलमध्ये टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी केली तर आकडा बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, गोळी कशी घेतो? आता वारांच्या खणांची डबी आहे, ती इंडक्शनच्या शेजारी ठेवलीय आणि चहाच्या फोटोंच्या आधी गोळीचा फोटो आणि मग घड्याळाचा फोटो लावलाय. हे संस्थेला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं, आणि मला पण.

मे महिन्यात मावशी पंधरा दिवस गावी गेली, बदली बाई आल्या. अतिशय प्रेमळ. आंबा कापून, सालं काढून, काट्याने भरवायच्या. घर चकचकीत. मावशी परत आली तेव्हा दादा खुर्चीत बसून म्हणाला "चहा आण". सहा महिन्यांचं शिकवलेलं पंधरा दिवसांत पुसलं, परत आणायला दीड महिना गेला. म्हणून असं घर बघायला जाल तेव्हा फरशी किती पुसलीय ते बघू नका, काम करणाऱ्या बाईचे हात कुठे आहेत ते बघा.

कागदपत्रांचं थोडक्यात. दादा सज्ञान असल्यामुळे आपोआप कोणी पालक नसतं, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करायचा असतो. बाबा गेल्यावर माझ्या नावाने केला. बरेच हेलपाटे झाले, बँकेत मात्र त्याशिवाय पान हलत नव्हतं. पण एक सांगते, संस्थेने करारावर फक्त माझी सही मागितली, आणि दादा शेजारीच बसलेला. मी म्हटलं घर त्याचं, सही त्याची पण घ्या. पाच मिनिटं लागली त्याला, जीभ बाहेर काढून पूर्ण नाव लिहिलं. तेव्हापासून तो भांडला की म्हणतो "मी सही केलीय".

सगळ्यात मोठी अडचण अजून सुटलेली नाही. डाउनमध्ये म्हातारपण लवकर येतं, चाळिशीनंतर स्मृतिभ्रंशाचा धोका बराच वाढतो. करारात लिहिलंय "स्वतःची कामं स्वतः करू शकणारी व्यक्ती". आणि जेव्हा नाही करू शकणार तेव्हा? मी विचारलं, तर "बघू तेव्हा". बघू तेव्हा हे तर आम्ही घरीच म्हणत होतो की, त्यासाठी डिपॉझिट कशाला. ११ महिन्यांचा करार ऑक्टोबरमध्ये संपतोय, या वेळी मी दोन गोष्टी लेखी मागणार आहे, एक म्हणजे जास्त मदत लागली तर बाहेर काढणार नाही, आणि दुसरी, नवीन माणूस आला की जुन्याबरोबर किमान चार दिवस जोडीने काम करेल. दुसरी मानतील. पहिलीचं कठीण आहे कारण त्यांच्याकडे पण माणसं आणि पैसे नाहीत, हे मला दिसतंय.

गुण द्यायचे तर पाचात साडेतीन. मावशी राहिली तर चार. सही मी करणार आहे, म्हणजे आम्ही दोघं करणार आहोत.

कोणाला करारातल्या मुद्द्यांबद्दल किंवा समितीच्या अर्जाबद्दल विचारायचं असेल तर विचारा, मी सांगेन. फक्त या रविवारी नको. दादाने आईला आणि मला जेवायला बोलावलंय. वरणभात तो करणार आहे, पोळ्या आम्ही न्यायच्यात, आणि आईला त्याने फोनवर बजावलंय की पुरणाच्या.