‘सोनं चमकवून देतो’: भरदुपारी दारात होणारी लूट आणि त्यानंतरचा पहिला तास

वेळ ठरलेली असते. सकाळी अकरा ते दुपारी चार. कांद्याची लागण, खुरपणी किंवा सोयाबीनची काढणी चालू असेल तर त्यांचं फावतंच. कर्ती माणसं रानात, पोरं शाळेत आणि घरी एखादी आजी, नाहीतर नुकतीच लग्न होऊन आलेली सून. मोटारसायकलवर दोघं येतात. पाठीला सॅक, अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कुठल्यातरी कंपनीचं ओळखपत्र. एक जण दारात येतो, दुसरा गाडीवरून उतरतच नाही. गाडीचं तोंड रस्त्याकडे असतं.

दागिने उजळून देण्याच्या नावाखाली होणारी ही फसवणूक महाराष्ट्राच्या गावांना नवी नाही. तरी तीच युक्ती पुन्हा पुन्हा चालते. बायका भोळ्या असतात म्हणून ती चालते, हे म्हणणं सोपं आहे आणि चुकीचंही. ती चालते कारण तिचे पहिले दोन टप्पे खरे असतात.

“मावशी, पैसे नकोत, कंपनीची जाहिरात आहे,” म्हणून तो आधी देवघरातला तांब्या किंवा समई मागतो. सॅकमधली पूड चोळतो आणि पितळ खरंच लखलखतं. यात जादू काही नाही. काळपटपणा काढणारी आंबट पूड कुठल्याही किराणा दुकानात मिळते. मग तो पैंजण किंवा जोडवी मागतो. चांदीही पांढरीशुभ्र होते आणि हातात परत मिळते. घरातल्या बाईने आता दोनदा वस्तू दिली आणि दोनदा ती उजळून परत आली. तिसऱ्यांदा तो गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बोट दाखवतो तेव्हा नकार देणं अवघड झालेलं असतं. काही टोळ्या तर आदल्या दिवशी दोन-चार घरांत फुकट भांडी घासून जातात. दुसऱ्या दिवशी शेजारीणच सांगते, “चांगली माणसं आहेत, आमची समई बघ.”

सोन्याच्या बाबतीत पुढे दोन वाटा आहेत.

पहिली अदलाबदलीची. दागिना हळदीत घोळवून पुडीत बांधायचा किंवा डब्यात ठेवायचा, तो डबा कुकरमध्ये किंवा गॅसवर ठेवायला लावायचा आणि सांगायचं, “वीस मिनिटं झाकण उघडू नका, उघडलं तर काळं पडेल.” त्याआधी एकदा पाणी मागायचं किंवा जुनं फडकं मागायचं. बाई आत वळते तेवढ्यात दागिना सॅकमध्ये जातो. वीस मिनिटांनी डब्यात हळद सापडते, नाहीतर खडे. वीस मिनिटं हा आकडा तिथून निघालेला आहे. तेवढ्यात मोटारसायकल आरामात तालुक्याची हद्द ओलांडते.

दुसरी वाट जास्त वाईट, कारण दागिना परत मिळतो आणि फसवणूक झाली हे संध्याकाळपर्यंत कळत नाही. इथे सोनं विरघळवतात. नुसत्या तेजाबाने, म्हणजे नायट्रिक आम्लाने, सोन्याला काही होत नाही. पण त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलं की अम्लराज तयार होतं आणि त्यात सोनं विरघळतं. त्या द्रावणाचा रंग पिवळा असतो. हळद टाकतात ती याचसाठी, पिवळ्यात पिवळं लपतं. भांडं तो स्वतःचं आणतो आणि ते प्लास्टिकचं किंवा काचेचंच असतं. तांब्या-पितळेच्या भांड्यात आम्ल भांड्यालाच खाईल आणि विरघळलेलं सोनं तांब्यावर परत बसेल. म्हणून घरची वाटी पुढे केली तर तो ती घेत नाही. कोणी दागिना धुवायला स्वतःचा प्लास्टिकचा डबा काढला, त्यातून नाकाला झोंबणारा वास आला किंवा तांबूस धूर निघाला, तर तिथेच आरडाओरडा करावा.

झळ सगळ्यात आधी बारीक साखळीला लागते, कारण वजनाच्या मानाने तिचा पृष्ठभाग जास्त. कडी न् कडी चारी बाजूंनी झिजते. भरीव पाटलीचं त्या मानाने कमी जातं. दागिना परत येतो तेव्हा तो निस्तेज, कधी पांढुरका दिसतो. बावीस कॅरेटच्या दागिन्यात सोनं ९१.६ टक्के आणि बाकी तांबं, चांदी. त्यातल्या चांदीचा न विरघळणारा पांढरा थर वर बसतो. “तासाभराने चमक येईल, तोवर कापडात ठेवा,” हे त्याचं उत्तर तयार असतं. डब्यातलं पिवळं पाणी तो बाटलीत ओतून घेतो. “हे विषारी आहे, तुमच्या मोरीत नको,” अशी काळजीही दाखवतो! त्याची कमाई त्या बाटलीत असते.

आता पहिला तास. इथे घरातलीच माणसं सगळ्यात जास्त नुकसान करतात, आणि तेही नकळत.

डब्याच्या तळाशी किंवा भांड्यात थोडं पाणी उरलं असेल तर ते फेकू नका. तो पुरावा आहे. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्यातलं सोनं आणि आम्ल दोन्ही ओळखता येतं. हात लावू नका, कातडी भाजते. खिडक्या उघडा, पोरांना लांब ठेवा आणि पोलीस येईपर्यंत ते भांडं तिथेच राहू द्या. पुडीचं पाकीट, ब्रश, फडकं असं त्याने मागे टाकलेलं जे काही असेल ते उघड्या हाताने उचलू नका. वाऱ्यावर उडून जाईल असं वाटलं तर कडा धरून कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा साठतो आणि बोटांचे ठसे बिघडतात. परत मिळालेला दागिना धुऊ नका. “बघू तरी किती गेलं” म्हणून लगेच सराफाकडे नेऊन तो साफ करून घेणं ही तर नेहमीची चूक. वजन पंचनाम्यात, पंचांसमोर झालं पाहिजे.

११२ या क्रमांकावर लगेच फोन करा. सांगताना क्रम असा ठेवा: गाव आणि वस्ती, किती मिनिटांपूर्वी गेले, कोणत्या दिशेने, गाडीचा रंग आणि प्रकार, कपडे. नंबर पूर्ण आठवत नसेल तर शेवटचे दोन आकडेही चालतात. पुढच्या गावाच्या पोलीस पाटलांना दुसरा फोन. ज्या जिल्ह्यांत ग्रामसुरक्षा यंत्रणा चालू आहे तिथे १८००२७०३६०० या टोल फ्री क्रमांकावर बोललेला निरोप परिसरातल्या नोंदणी केलेल्या सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी वाजतो. अडचण एवढीच की गावाची नोंदणी एकदा मोठ्या सभेत होते आणि नंतर निम्म्या लोकांचे नंबर बदलतात. वर्षातून एकदा, ग्रामसभेच्या दिवशीच, ती यादी तपासून घ्यावी.

व्हॉट्सअॅपवर निरोप टाकताना तारीख आणि वेळ मजकुरातच लिहा. तारीख नसलेला निरोप महिनोन्‌महिने फिरत राहतो आणि प्रत्येक वेळी ‘आत्ताच’ घडल्यासारखा वाचला जातो. त्यात कुठल्या जातीजमातीचं नाव नको, ‘असे दिसणारे लोक’ नकोत आणि वाटेत दिसलेल्या कुणाचा फोटो तर नकोच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षुकी करणाऱ्या डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले लोक होते. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे अफवेतूनच दोन साधू आणि त्यांच्या चालकाचा जीव गेला. संशयित सापडलाच तर त्याला बसवून ठेवा, गाडीची किल्ली काढून घ्या, ११२ ला फोन करा आणि अंगाला हात लावू नका. ज्याला मार बसला त्याचा खटलाही पुढे ढिला पडतो, हे वेगळंच.

हे सगळं होऊन बसलं तरी अनेक घरं पोलीस ठाण्याची पायरी चढत नाहीत. “तू दिलंसच का?” हा प्रश्न घरातून आधी येतो, ठाण्यातून नंतर. सासूला कळू नये म्हणून सून गप्प बसते, पोरांना कळू नये म्हणून आजी. त्यामुळे ठाण्याच्या दप्तरी त्या पट्ट्यात वर्षभर काही घडलेलंच नसतं. नोंद नाही म्हणून बीटचा हवालदार दुपारची गस्त घालत नाही, शेजारच्या गावाला इशारा मिळत नाही आणि तीच जोडी आठवड्याभरात दहा किलोमीटरवर तोच डबा उघडते. ‘आमच्या भागात गुन्हे कमी आहेत’ असं कौतुकाने सांगणाऱ्या सरपंचांनी एकदा गावातल्या सराफाला खासगीत विचारावं, उजळलेला दागिना वजन करायला किती जणी आल्या होत्या.

तक्रारीत काय लिहायचं, याला फार महत्त्व आहे. दागिन्याचं वजन ग्रॅममध्येच लिहा. आजच्या बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम, पण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आजी ‘तीन तोळ्यांची पोत’ म्हणते तेव्हा ती ३० ग्रॅमची असेल किंवा जवळपास ३५ ग्रॅमची. पाच ग्रॅमचा हा घोळ पुढे न्यायालयात आरोपीच्या वकिलाला आयताच मिळतो. पावती असेल तर जोडा. नसेल तर लग्नातला, हळदी-कुंकवाचा असा दागिना स्पष्ट दिसणारा फोटो द्या. अलीकडच्या दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो. १ एप्रिल २०२३ पासून त्याच्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. ‘बीआयएस केअर’ या अॅपवर तो टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि नोंदणीकृत सराफाची माहिती दिसते. दागिने अंगावर असतानाच हे कोड वहीत उतरवून ठेवा. भिंगाशिवाय दिसत नाहीत, पण मोबाइलचा कॅमेरा जवळ नेला की वाचता येतात.

ठाण्यात ‘अर्ज देऊन जा, चौकशी करतो’ असं म्हणतील. अर्ज म्हणजे गुन्हा दाखल होणं नव्हे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. पूर्वीचं ‘चारशे वीस’ आता कलम ३१८ च्या पोटकलम ४ मध्ये आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंतची. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. नोंदीची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदच घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे सगळी हकिकत लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते.

याच जातकुळीतला दुसरा प्रकार तालुक्याच्या रस्त्यावर घडतो. साध्या कपड्यातला ‘साहेब’ म्हाताऱ्या माणसाला अडवतो, “पुढे खून झालाय, तपासणी चालू आहे, अंगठी-चेन काढून रुमालात बांधा” म्हणतो. शेजारून जाणारा त्याचाच साथीदार आधी आपली चेन काढून दाखवतो. घरी गाठ सोडल्यावर आत खडे निघतात. खरे पोलीस रस्त्यात कुणाचे दागिने काढून बांधून देत नाहीत, बस्स. पोलीस असल्याचं सोंग घेणं हा न्याय संहितेच्या कलम २०४ खाली वेगळा गुन्हा आहे, तोही फिर्यादीत येऊ द्या.

ग्रामपंचायतीचे कॅमेरे असतात, पण कामाच्या वेळी उपयोगी पडत नाहीत, याची कारणं बहुधा सारखीच. कॅमेरा चौक दिसावा म्हणून उंच लावलेला असतो, त्यात माणसं मुंगीएवढी दिसतात आणि नंबरप्लेट वाचता येत नाही. गावात शिरण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या रस्त्यावर एकेक कॅमेरा खाली, गतिरोधकावर रोखून लावला तर गाडी तिथे मंदावते आणि नंबर मिळतो. बॅटरीची सोय नसेल तर वीज गेली की चित्रणही गेलं. डिस्क लहान असेल तर आठ-पंधरा दिवसांत जुन्यावर नवं चढतं, म्हणून घटनेच्या दिवशीच प्रत काढायला लावा. यंत्राचं घड्याळ मागेपुढे असेल तर खऱ्या वेळेशी किती फरक आहे ते पंचनाम्यात नोंदवून घ्या. आणि ही प्रत कुठल्या यंत्रातून, कशी काढली हे सांगणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र त्या प्रतीसोबत लागतं. ते नसेल तर चांगलं चित्रणही न्यायालयात अडकतं.

गल्लीत फेरीवाला आला तर त्याचं आधार कार्ड बघण्यात अर्थ नाही, खोटं सहज मिळतं. त्याचा मोबाइल नंबर विचारा आणि त्याच्यासमोरच त्यावर फोन लावा. खिशातला फोन वाजला नाही तर पुढचं बोलणं थांबवा. प्रामाणिक विक्रेत्याला याचा राग येत नाही.

टोळी पकडली गेली तर बहुतेकदा दागिना तसाच हाती येत नाही, वितळवलेली लगड मिळते. ती मुद्देमाल म्हणून जमा होते आणि फिर्यादीने न्यायालयात अर्ज केल्यावर, सहसा बंधपत्र घेऊन, ताब्यात दिली जाते. एकाच लगडीवर चार गावांचे दावेदार असतील तर वाटणी कागदावरून होते, म्हणजे फिर्यादीत लिहिलेले ग्रॅम, पंचनाम्यातलं वजन आणि पावती. ज्यांनी फिर्यादच दिली नाही त्यांचं सोनं त्या लगडीत असलं तरी वाटणीच्या यादीत त्यांचं नाव नसतं.