पाच थाळ्या, एक नकाशा आणि मलकापूरचे भरीत

पुण्यात कर्वे रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत असलेल्या या हॉटेलात आई, मुलगी आणि मी असे तिघे महिनाभरात दोनदा जेवलो. हॉटेलचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्या चुका दाखवणार आहे त्या 'प्रादेशिक थाळी' विकणाऱ्या बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने सापडतात आणि त्यासाठी एकट्याच मालकाला धारेवर धरणे योग्य वाटत नाही. जागा स्वच्छ आहे, टेबले पुरेशी लांब मांडलेली आहेत, वाढपी आग्रह करतात पण अंगावर येत नाहीत आणि साडेचारशे रुपयांच्या थाळीत पोट भरते. एवढ्यावर परीक्षण संपवता आले असते, परंतु हे हॉटेल केवळ जेवण विकत नाही. ताटाखाली अंथरलेल्या कागदावर महाराष्ट्राचा नकाशा छापलेला आहे, त्यात कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खान्देश, मराठवाडा आणि विदर्भ असे पाच रंग भरले आहेत, आणि प्रत्येक रंगाची एक थाळी आहे. आपला प्रदेश शोधायचा आणि त्या रंगाची थाळी मागवायची, अशी ही योजना आहे.

आमची अडचण तिथेच सुरू झाली. आमचे घर मलकापूरचे, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातले, म्हणून नकाशाप्रमाणे विदर्भातले. आईचे माहेर बोदवडजवळचे, म्हणजे जळगाव जिल्ह्यातले, म्हणून खान्देशातले. बोदवड आणि मलकापूर यांच्यामध्ये गाडीने जेमतेम अर्ध्या तासाचे अंतर आहे. लग्न होऊन आई या अर्ध्या तासापुरती पूर्वेला आली आणि छापील नकाशात तिचा प्रदेश बदलला. चूल मात्र बदलली नाही. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, तुरीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचे भरीत, शेवभाजी, हे पदार्थ तिने माहेरी खाल्ले आणि सासरी रांधले. भरिताच्या निमित्ताने ज्यांचे नाव हमखास निघते त्या लेवा पाटीदार समाजाची वस्तीही रावेर-यावलपासून मलकापूर-नांदुऱ्यापर्यंत आणि राज्याची हद्द ओलांडून बऱ्हाणपुरापर्यंत पसरलेली आहे. बोदवडच्या शिवेवर ती थांबत नाही.

मग तिथे रेघ आली कुठून? ती आखली राजवटींनी. खान्देश 1818 पासून इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होता. मलकापूर ज्यात येते तो वऱ्हाड निजामाने 1853 मध्ये कंपनीच्या ताब्यात दिला आणि 1903 मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. त्यामुळे बोदवडच्या शेतकऱ्याचे वरिष्ठ दरबार मुंबईला आणि मलकापूरच्या शेतकऱ्याचे नागपूरला, अशी विभागणी झाली. 1956 मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला, पण तोवर 'आम्ही विदर्भातले' हे वाक्य रुळून गेले होते. विदर्भ हे नाव रुक्मिणीइतके जुने आहे हे खरे. आज ज्या रेघेच्या आत ते लिहिले जाते ती रेघ मात्र कारभाराच्या सोयीची आहे.

पहिल्या भेटीत मी नकाशाशी प्रामाणिक राहून विदर्भ थाळी मागवली. तीत सावजी रस्सा, पाटोडी, सांबारवडी, झुणका आणि पोळी-भाकरी असते. रस्सा उत्तम होता. नुसता तिखट नसून मसाला खमंग भाजलेला जाणवत होता, आणि पुण्यात असा रस्सा मिळणे सोपे नाही. परंतु सावजी हे नागपूरच्या कोष्टी, म्हणजे विणकर, वस्त्यांमधून वर आलेले जेवण आहे. मलकापुरात आमच्या घरी ते कधी शिजले नाही. मी ते पहिल्यांदा खाल्ले ते नागपूरला शिकायला गेल्यावर, आणि तेव्हा ते मला पुणेकराला वाटावे तितकेच परके वाटले होते. थाळीच्या माहितीपत्रकात मात्र 'विदर्भाच्या घराघरांतली चव' असे छापलेले आहे.

आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा भंडारा जिल्ह्यातला निघाला. त्याने वडीवर बोट दाखवून "वरून अजून सांबार टाकू का जी?" असे विचारले, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी घाईघाईने आपली वाटी झाकली. त्यांच्या डोळ्यांसमोर इडलीबरोबरचे सांबार आले असणार. नागपूरकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. मी त्याला विचारले, की या थाळीत तुझ्या घरचे काय आहे. तो हसला आणि म्हणाला, "भात कुठी आहे याच्यात? आमच्याकडे भाताशिवाय जेवण होत नाही जी." भंडारा-गोंदियाचा भाग धानाचा, तिथला माणूस स्वतःला झाडीपट्टीचा म्हणवतो आणि त्याच्या नाटकांनाही झाडीपट्टी रंगभूमी असेच नाव आहे. त्या थाळीत भाताची वाटी आमच्या भाताच्या डावापेक्षा लहान होती. म्हणजे एकाच रंगाखाली वऱ्हाड, नागपूर आणि झाडीपट्टी असे तीन प्रदेश कोंबले आहेत आणि ताटात आलेला आहे फक्त मधला.

दुसऱ्या भेटीत आईच्या आग्रहाने खान्देश थाळी मागवली. इथे परीक्षण म्हणून थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. कळण्याची भाकरी अप्रतिम होती: कडा किंचित जाड, मधे पापुद्रा सुटलेला, आणि उडदामुळे येणारा तो ओलसर, मातकट वास. शेवभाजीतली शेव जाड आणि रश्श्यात न विरघळणारी होती, म्हणजे निवड जाणकाराने केलेली आहे. भरीत मात्र निराशा करणारे होते. भरिताची वांगी मोठी, पोपटी-पांढरट असतात. जळगावच्या भरीत वांग्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. ती काड्यांच्या जाळावर भाजून, साल काढून लाकडी बडगीत कुटतात आणि त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे व कांद्याची पात घालतात. इथे जांभळी वांगी गॅसवर भाजून, कांदा-टोमॅटोवर परतलेली होती. आईने पहिल्याच घासाला सांगितले, "हे कुटलेलं नाही, मिक्सरमध्ये फिरवलेलं आहे. तंतू कुठे आहेत याचे?" व्यवस्थापक शेजारीच उभे होते. त्यांनी नम्रपणे विचारले, "आजी, तुम्ही खान्देशच्या का?" आई म्हणाली, "मलकापूरची." त्यांनी कागदावरच्या नकाशाकडे पाहिले आणि ते अधिकच नम्रपणे म्हणाले, "म्हणजे विदर्भ. मग तुमच्याकडचं भरीत वेगळं असेल."

ही चूक त्या व्यवस्थापकांची नाही, नकाशाची आहे. आणि नकाशा कसा तयार झाला असावा हे त्यातल्या एका रंगावरून ओळखता येते. खान्देशचा पिवळा रंग अहिल्यानगर जिल्ह्यापर्यंत खाली उतरला आहे. नगरच्या माणसाला कोणी खान्देशी म्हटले तर तो आधी हसेल आणि मग रागावेल. याचा उलगडा एकच: नाशिक महसूल विभागात नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार असे पाच जिल्हे आहेत, आणि नकाशा करणाऱ्याने तो विभाग उचलून त्यावर खान्देश असे लिहून टाकले. वास्तविक जुना खान्देश म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार. शिवाय नाशिक जिल्ह्यातल्या कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या तालुक्यांत अहिराणी ही खान्देशी बोली बोलली जाते आणि तिथले लोक त्या पट्ट्याला कसमादे म्हणतात. चार तालुक्यांची आद्याक्षरे जोडून लोकांनी आपल्या प्रदेशाला नाव दिले, त्याला कोणत्याही अधिसूचनेची गरज पडली नाही.

सरकारी भाषेत तर याहून मोठी गंमत आहे. राज्यघटनेच्या 371(2) या अनुच्छेदानुसार 1994 मध्ये जी विकास मंडळे नेमली गेली, ती तीन होती: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. म्हणजे मालवणचा दर्यावर्दी, कोल्हापूरचा मल्ल आणि धुळ्याचा अहिराणी बोलणारा शेतकरी हे सगळे कायद्यासमोर 'उर्वरित'. हॉटेलने निदान त्या नावाची थाळी काढलेली नाही, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

बाकीच्या थाळ्यांविषयी थोडक्यात. कोकण थाळी प्रत्यक्षात मालवणी आहे. सोलकढी ताजी आणि मासळी चांगली, पण पालघर-रायगडचा त्यात मागमूस नाही. (कोकणातला माणूस घाट चढून वर आला की 'देशावर आलो' म्हणतो, आणि इथे 'देश' हा शब्दच नकाशावर नाही.) मुलीने दोन्ही वेळा पश्चिम महाराष्ट्र थाळी घेतली. तांबडा रस्सा चांगला, पांढरा पातळ. त्याच थाळीत सोलापूरची शेंगाचटणी कोपऱ्यात ठेवली आहे. ज्या शहरात मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूही घरोघरी बोलली जाते, त्याला कोल्हापूरच्या ताटातला एक कोपरा मिळाला. मराठवाडा थाळीत धपाटे, येसर आमटी आणि शेंगोळे एवढेच आहे आणि कागदावर तिचे नाव सर्वांत बारीक अक्षरात छापलेले आहे. प्रादेशिक असमतोलावरच्या 1984 च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून 'अनुशेष', म्हणजे विकासातली राहून गेलेली बाकी, हा शब्द मराठवाड्यात घरोघरी माहीत आहे. तो ताटातही दिसेल असे वाटले नव्हते. छत्रपती संभाजीनगरचा नान-खलिया किंवा तहरी असती तर जुन्या राजवटींनी तिथल्या स्वयंपाकघरात काय ठेवून दिले हे कळले असते. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी निजामाच्या ताब्यातल्या त्या भागाला 'मोगलाई' हाच शब्द होता, हे आईने जेवताना मुलीला सांगितले. पुण्यात जन्मलेल्या मुलीने त्यावर विचारले, की मग आपण कुठले. आईने उत्तर दिले, की विचारणारा पुण्याचा असेल तर विदर्भातले, नागपूरचा असेल तर वऱ्हाडातले, आणि अकोल्याचा असेल तर मलकापूरचे.

बिल देताना एका टॅबवर अभिप्राय भरायला सांगतात. चवीला आणि सेवेला तारे दिल्यावर शेवटचा प्रश्न येतो: 'आपण कोणत्या प्रदेशातून आलात?' खाली पाच रंगांच्या चौकटी आहेत आणि त्यातली एकच निवडता येते. आईने खान्देश आणि विदर्भ अशा दोन्ही दाबायला सांगितल्या. दुसरी दाबली की पहिली पुसली जाते. मुलीने तीनदा प्रयत्न करून शेवटी पश्चिम महाराष्ट्र निवडले, कारण आम्ही राहतो कोथरूडला आणि मागे बिलासाठी रांग लागली होती.

जायचे असेल तर सावजी रस्सा आणि कळण्याची भाकरी जरूर घ्यावी. दोन्ही सुटे मागवता येतात आणि एकत्र छान लागतात, जरी नकाशात त्यांचे रंग वेगळे असले तरी. भरीत टाळावे, किंवा थंडीत हिरवी वांगी बाजारात आल्यावर चौकशी करून मागवावे. रविवारी भाकरी रात्री आठच्या सुमारास संपते, म्हणून आधी फोन करून ठेवलेला बरा.