फ्लॉरेन्सला जाण्यापूर्वी काय वाचावे : वझारी, गोम्ब्रिख की बॅक्झंडॉल?

प्रबोधनकालीन चित्रे पाहण्यासाठी फ्लॉरेन्सला जायचे ठरले की आधी काही वाचून जावे असे वाटते. परंतु व्हिसा आणि तिकिटांच्या धावपळीत एखादेच पुस्तक नीट वाचून होते. त्यासाठी प्रामुख्याने तीन पर्याय विचारात घेण्याजोगे आहेत : जॉर्जो वझारी याने लिहिलेली कलावंतांची चरित्रे (१५५०, वाढीव आवृत्ती १५६८), अर्न्स्ट गोम्ब्रिख यांचा कलेचा इतिहास (१९५०) आणि पंधराव्या शतकातील इटालियन चित्रकलेवरील मायकेल बॅक्झंडॉल यांचे छोटेखानी पुस्तक (१९७२).

ज्याला या विषयाची काहीच ओळख नाही, त्याच्यासाठी गोम्ब्रिख सर्वांत सोपे आहेत. त्यांचा इतिहास आदिमानवाच्या गुहाचित्रांपासून सुरू होत असला, तरी या प्रवासापुरती बारा ते सोळा ही प्रकरणे पुरतात. कोण कोणाच्या आधीचा आणि कोणासमोर कोणता प्रश्न होता, हे त्यांतून स्पष्ट होते. एकेका चित्रकाराला जागा मात्र थोडीच मिळते.

वझारी स्वतः चित्रकार आणि वास्तुकार होता. ज्या उफिझी कलासंग्रहालयासमोर आपण रांगेत उभे राहतो, त्या इमारतीचा आराखडा त्याचाच. त्याची चरित्रे किस्स्यांमुळे वाचनीय झाली आहेत आणि त्याच किस्स्यांमुळे अविश्वसनीयही. आंद्रेआ देल कास्ताग्नो या चित्रकाराने दोमेनिको व्हेनेत्सियानो या दुसऱ्या चित्रकाराचा खून केला असे तो ठामपणे सांगतो. प्रत्यक्षात कास्ताग्नो १४५७ मध्ये प्लेगने वारला आणि दोमेनिको त्यानंतर चार वर्षांनी. सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधील मासाच्चो या चित्रकाराच्या ‘त्रिमूर्ती’ (ख्रिस्ती धर्मातील पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) या भित्तिचित्राची तो पुस्तकात स्तुती करतो, आणि पुढे त्याच भित्तिचित्रासमोर स्वतः नवी वेदी उभारून ते झाकून टाकतो! एकोणिसाव्या शतकात ते पुन्हा उजेडात आले.

माझा कौल बॅक्झंडॉल यांना आहे, कारण ते चित्राकडे त्या काळच्या गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहायला शिकवतात. चित्रकार दोमेनिको गिरलांदायो याने १४८५ मध्ये अनाथ बालकांच्या इस्पितळासाठी केलेला करार त्यांनी दिला आहे. त्यात निळा रंग औंसाला सुमारे चार फ्लोरिन (फ्लॉरेन्सचे सोन्याचे नाणे) किमतीचा अल्ट्रामरीन, म्हणजे महागडा गडद निळा रंगच असावा, अशी अट आहे. ते चित्र आजही फ्लॉरेन्समध्ये, त्याच संस्थेच्या संग्रहालयात आहे, त्यामुळे हा करार वाचून गेलेला माणूस त्यातील निळ्यासमोर सहज थबकतो. पिंपाचे घनफळ नजरेने अजमावण्याच्या व्यापारी गणिताचा चित्रांतील आकारांशी जो संबंध ते जोडतात, तोही इतर दोघांकडे मिळत नाही. अडचण एवढीच की चित्रकारांची नावे आधीपासून परिचित नसतील, तर वाचक मध्येच अडखळतो.

म्हणून महिनाभराचा अवधी असल्यास गोम्ब्रिख यांची ती पाच प्रकरणे आणि मग बॅक्झंडॉल, हा क्रम घ्यावा. वझारीचे संपूर्ण ग्रंथ मात्र प्रवासापूर्वी हाती घेऊ नयेत. ज्यांची चित्रे पाहायची आहेत, त्यांचीच चरित्रे निवडून मुक्कामावर रात्री वाचावीत. पुढे व्हेनिसलाही जाणार असाल, तर टस्कनीच्या, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांतातील कलावंतांकडे वझारीचा कल झुकलेला आहे आणि व्हेनिसचा चित्रकार टिशियन याच्या रेखाटनाला तो नावे ठेवतो, हे लक्षात असू द्यावे. तेथे गोम्ब्रिख यांचे सोळावे प्रकरण अधिक उपयोगी पडेल.