कोची की पणजी? एकाच सहलीपुरती रजा असेल तर

पैसा, व्यापार, घर सोडून गेलेली माणसं आणि ओरबाडलेली जमीन या विषयांवरची कला बघायची असेल, तर मुंबई-पुण्याकडच्या माणसासमोर दोन नावं येतात. एक कोची-मुझिरिस बिएनाले, म्हणजे काही वर्षांनी एकदा भरणारं समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन, दुसरं पणजीचा सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल. दोन्ही डिसेंबरात सुरू होतात आणि नेत्रावती एक्सप्रेसच्या एकाच वाटेवर आहेत: मडगावला उतरलात तर पणजी, पुढे जात राहिलात तर एर्नाकुलम, म्हणजे कोची. माझं मत आधीच सांगते. एकदाच जमणार असेल तर कोचीला जा.

कारण तिथली जागा. बिएनालेच्या बहुतेक आवृत्त्यांचं मुख्य ठिकाण राहिलेलं ॲस्पिनवॉल हाउस ही 1867 साली सुरू झालेल्या एका इंग्रज पेढीची समुद्रकाठची वखार. मिरी, आलं, हळद, काथ्या इथून जहाजावर चढायचं. त्यामुळे व्यापारावरची कलाकृती इथे बघताना तिचा अर्धा संदर्भ भिंतीच देतात. 2012 च्या पहिल्या आवृत्तीत विवान सुंदरम यांनी कोचीजवळच्या पट्टणम गावी, जिथे प्राचीन मुझिरिस बंदर होतं असं मानतात, उत्खननात निघालेल्या, अभ्यासकांनी बाजूला ठेवलेल्या खापरांचं एक शहर मांडलं होतं. त्यात पाणी आणि काळी मिरी. नाव 'ब्लॅक गोल्ड'. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो की हिंदुस्थान दर वर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. तो पैसा ज्यांच्यावर ओतला गेला त्यांतला एक जिन्नस म्हणजे हीच मिरी. आणि ज्यांची किंमत आज कुणी करणार नाही ती खापरं तिच्याच शेजारी. मोल कशाला येतं आणि कधी जातं, हे मला इतकं नेमकं दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

त्याच आवृत्तीत अमर कंवर यांचं 'द सॉव्हरिन फॉरेस्ट' होतं. ओडिशातल्या खाणी, कारखाने आणि त्यांच्यासाठी घेतलेल्या जमिनी हा त्याचा विषय. चित्रफिती आणि हातकागदाच्या वह्यांबरोबर देशी भाताच्या अडीचशेहून अधिक वाणांचं बियाणं ओळीने मांडलेलं. जमिनीची नुकसानभरपाई सरकार ठरवून टाकतं, पण पिढ्यान् पिढ्या जपलेल्या वाणाचं काय, हा प्रश्न त्या बियाण्यासमोर उभं राहिल्यावर टाळता येत नाही.

2016 साली चिलीचे कवी राऊल झुरिता यांनी एका लांबलचक गोदामात समुद्राचं पाणी भरलं होतं. चपला काढायच्या, कपडे गुडघ्यापर्यंत वर घ्यायचे आणि पाण्यातून चालत पलीकडच्या भिंतीवरचा मजकूर वाचायचा. तो होता गालिप कुर्दीसाठी. 2015 साली सीरियन निर्वासितांची बोट बुडाल्यावर किनाऱ्यावर सापडलेल्या चिमुकल्या अलानचा फोटो जगभर गेला. त्याच्याच बरोबर बुडालेल्या या भावाचा तसा फोटो नाही. वाचून झाल्यावर तेवढंच पाणी तुडवत परत यायचं.

बाहेर पडल्यावरही विषय संपत नाही. मट्टनचेरीत 'परदेशी' नावाचं सिनेगॉग आहे, पण तिथले बहुतेक ज्यू इस्रायलला गेले. चेरलाईत तिरुमल देवस्वम या मंदिराच्या आसपास कोकणी कानावर येते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातून निघालेली सारस्वत कुटुंबं इथे वसली. म्हणजे पणजीतल्या गोष्टीचा एक तुकडा कोचीतच भेटतो.

आता पणजी. 2016 पासून, कोविडचा खंड सोडला तर, दर डिसेंबरला, आठ-दहा दिवस. नावनोंदणी केली की प्रवेश फुकट. जुनं गोवा मेडिकल कॉलेज, कला अकादमी अशी ठिकाणं मांडवीच्या काठाने आहेत. चित्रकलेबरोबर संगीत, नाटक, नाच, हस्तकला, जेवण सगळं असतं. मुलं आणि आईवडील बरोबर असतील तर मी बिनदिक्कत पणजी सुचवेन. पण आपला विषय इथे विखुरलेला असतो, शोधावा लागतो. शोधला की सापडतोही. 2019 मध्ये लीना व्हिन्सेंट आणि अक्षय महाजन यांनी 'गोवा फॅमिलिया' मांडलं, गोवेकर कुटुंबांच्या घरांतल्या जुन्या फोटोंचा संग्रह. ज्या प्रदेशातला तारवटी जहाजावर गेला, काका आफ्रिकेत गेला आणि आजोबा मुंबईत धोबीतलावच्या कुडात (गोवेकरांच्या सामायिक निवासात) राहिले, तिथे घरातला अल्बम हाच स्थलांतराचा दस्तऐवज असतो. हे फोटो कुठल्याही मोठ्या मांडणीपेक्षा जवळचे वाटतात.

पैशावरची कला बघताना ती कोणाच्या पैशावर उभी आहे हेही बघावं. बिएनाले बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या कलाकारांनी उभी केली आणि तिला केरळ सरकारचा निधी मिळत आला आहे. सेरेंडिपिटी उद्योगपती सुनील कांत मुंजाल यांच्या प्रतिष्ठानचं आहे. सार्वजनिक पैसा असला की सार्वजनिक जाबही विचारता येतो, म्हणून माझा कल कोचीकडे.

मात्र कोचीला पहिल्या आठवड्यात जाऊ नका. 2022 ची आवृत्ती 12 डिसेंबरला उघडायची होती; ऐन आदल्या दिवशी ती 23 डिसेंबरवर गेली. बिएनाले दोन-तीन वर्षांनी एकदा येते पण तीन-साडेतीन महिने चालते, तेव्हा जानेवारीच्या मध्यानंतर निवांत जाता येतं. तिकीट काढावं लागतं. दोन पूर्ण दिवस तरी ठेवा, कारण ठिकाणं फोर्ट कोची आणि मट्टनचेरीत पसरलेली असतात आणि चित्रफिती लांब असतात. एर्नाकुलमहून बोटीने जा.

बिएनालेचं वर्ष नसेल आणि डिसेंबरही हुकला असेल, तर पिळर्णला सुबोध केरकरांचं म्युझियम ऑफ गोवा आहे. डॉक्टरकी सोडून कलाकार झालेल्या केरकरांनी 2017 साली साळगावात टाकून दिलेल्या सुमारे दीड लाख प्लास्टिक बाटल्यांचा गालिचा मांडला होता. समुद्र, मसाले, पोर्तुगीज व्यापार हे त्यांचे नेहमीचे विषय. अर्धा दिवस पुरतो, पणजीहून दुचाकीने जाता येतं.